एडवर्डची गिन्नी, पण कोणत्या एडवर्डची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजी गेल्यावर तिच्या पितळी डब्यात दोन सोन्याच्या गिन्न्या निघाल्या. एकीवर दाढीवाला एडवर्ड राजा, साल १९०९. दुसरीवर जॉर्ज, साल १९१८, आणि तिला गळ्यात घालायची कडी झाळलेली. 'एडवर्ड राजाची गिन्नी दहा लाख पौंडांना विकली गेली' ही बातमी मोबाइलवर फिरत फिरत घरी पोचली. तेव्हापासून तिघा भावंडांना झोप नाही. लंडनला राहणाऱ्या भाच्याबरोबर एडवर्ड लिलावाला पाठवावा का? आणि कडीवाली गिन्नी 'तशीही खराबच झालीय', तर ती सराफाकडे मोडीत देऊन टाकावी का?

ताई, बातमी खरी आहे. तुमच्या गिन्न्याही बहुधा खऱ्या असाव्यात. फक्त बातमीतला एडवर्ड आठवा आणि तुमच्या डब्यातला सातवा. नात्याने नातू आणि आजोबा. गंमत म्हणजे मधला बापही तुमच्याच डब्यात आहे. कडीवाल्या गिन्नीवरचा पंचम जॉर्ज तो हाच. आणि आधीच सांगून ठेवतो, तुम्ही भाच्याबरोबर पाठवायला निघालात ती गिन्नी साधी आहे, मोडायला निघालात ती मात्र बघण्यासारखी.

नाण्यावर राजाच्या नावापुढे रोमन आकडा असतो. इंग्रजी 'व्ही'नंतर दोन उभ्या रेघा दिसल्या की सातवा, तीन दिसल्या की आठवा. भिंग नसेल तर दाढी बघा. सातवा भरघोस दाढीचा, आठवा सफाचट. ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने फिरते आणि माझा फोन वाजायला लागतो. एकदा सातारकडचे एक काका पहाटेची एसटी पकडून आले. रुमालाच्या गाठीत नाणं आणि बातमीचं कात्रण चक्क लॅमिनेट केलेलं. मी दाढी दाखवली. ते शांतपणे म्हणाले, "नंतर काढली असेल."

आता तो आठवा एडवर्ड. जानेवारी १९३६मध्ये पंचम जॉर्ज वारला आणि हा गादीवर आला. नव्या राजाची नवी नाणी करायची तर चित्र ठरवणं, मंजुरी, ठसे कोरणं यात महिनोन्महिने जातात. हम्फ्री पॅजेट या शिल्पकाराने केलेलं डोकं मंजूर झालं, चाचणीची नाणी पाडून झाली, १ जानेवारी १९३७पासून ती चलनात यायची होती. पण वॉलिस सिम्पसन या घटस्फोटित अमेरिकन बाईशी लग्न करण्यावरून पेच पडला आणि डिसेंबर १९३६मध्ये राजाने गादी सोडली. उणीपुरी ३२६ दिवसांची कारकीर्द. टांकसाळीतलं काम होतं तिथे थांबलं. म्हणून त्या चाचणीच्या गिन्न्यांवर साल आहे १९३७, म्हणजे ज्या वर्षी तो एक दिवसही राजा नव्हता ते वर्ष.

अशा गिन्न्या किती? माहीत असलेल्या सहा. त्यातल्या चार संग्रहालयं आणि संस्थांकडे, दोन खासगी हातांत. एक २०१४मध्ये लंडनच्या लिलावात खर्चासकट ५ लाख १६ हजार पौंडांना गेली. २०२०च्या जानेवारीत ब्रिटनच्या शाही टांकसाळीने एका ब्रिटिश संग्राहकाला दहा लाख पौंडांना एक मिळवून दिली. तुमच्या मोबाइलवर आली ती हीच बातमी. चलनात एकही आली नाही, बँकेतून एकही सुटली नाही, जहाजात चढून मुंबईला एकही उतरली नाही. त्यामुळे आजीच्या डब्यात, देवघरात, विहिरीतल्या हंड्यात ती सापडण्याचा प्रश्नच नाही. बाजारात 'आठव्या एडवर्डची' म्हणून चमचमणारी नाणी ऑनलाइन भरपूर मिळतात. खासगी कारखान्यांनी हौसेपोटी पाडलेली ती कल्पनेतली नाणी आहेत. त्यावर पैसे घालवू नका.

आठव्या एडवर्डच्या नाण्याची आणखी एक खोड तुमच्या दोन गिन्न्यांवरूनच कळेल. दोन्ही शेजारी ठेवा, राजाची बाजू वर. एडवर्ड उजवीकडे बघतोय, जॉर्ज डावीकडे. हा योगायोग नाही. दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, प्रत्येक नवा राजा आधीच्याच्या उलट दिशेला तोंड करतो. या हिशेबाने आठव्या एडवर्डने उजवीकडे बघायला हवं होतं. पण डाव्या बाजूने आपण जास्त बरे दिसतो, केसांचा भांग त्या बाजूला आहे, असं त्याचं म्हणणं. त्याने हट्ट धरला आणि बापासारखंच डावीकडे तोंड केलं. पुढे भाऊ सहावा जॉर्ज आला, त्यालाही डावीकडेच दाखवलं. म्हणजे एडवर्ड जणू रीतीप्रमाणे उजवीकडेच बघून गेला, असं धरून पुढचा हिशेब चालू ठेवला.

राजाचा चेहरा नसलेली, फक्त आठव्या एडवर्डच्या नावाची नाणी मात्र पूर्व आफ्रिका, पश्चिम आफ्रिका, फिजी अशा ठिकाणी खरोखर चालली. मध्ये भोक असलेली. आपल्याकडे कच्छ संस्थानाने १९३६च्या कोरीवर, म्हणजे तिथल्या स्थानिक नाण्यावर, फारसी लिपीत त्याचं नाव घातलं. चांदीची ती कोरी आजही नाणी जमवणाऱ्याला परवडते. आठव्या एडवर्डची हौस फारच असेल तर ती घ्यावी, असं मी नेहमी सांगतो.

तुमची १९०९ची गिन्नी. त्या वर्षी एकट्या लंडनच्या टांकसाळीने एक कोटी एकवीस लाखांच्या वर गिन्न्या पाडल्या, शिवाय ऑस्ट्रेलियातल्या टांकसाळी वेगळ्या. म्हणजे सोन्याचा भाव आणि वर थोडंसं. एवढंच बघून घ्या: मागच्या बाजूला घोडेस्वार सेंट जॉर्ज राक्षसी सर्पाला मारतोय, त्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या बरोबर वर, काही बारीक अक्षर आहे का. काहीच नसेल तर लंडन. 'एस' म्हणजे सिडनी, 'एम' मेलबर्न, 'पी' पर्थ. 'सी' दिसलं तर मला लगेच कळवा. ते कॅनडातल्या ओटावाचं, आणि १९०९मध्ये तिथे जेमतेम सोळा हजार गिन्न्या निघाल्या.

आता त्याच जागेवर तुमच्या १९१८च्या गिन्नीकडे बघा. तुम्ही पाठवलेला फोटो हललेला आहे, तरी सालाच्या वर मला एक छोटी उभी रेघ दिसल्यासारखी वाटतेय, वर-खाली इवल्या आडव्या रेघा असलेली. ते इंग्रजी 'आय' असेल तर ती गिन्नी मुंबईत पडलीय. फोर्टातल्या आपल्या टांकसाळीत. 'आय' म्हणजे इंडिया.

यामागची हकिकत समजून घ्यायला हवी, कारण तिच्यामुळेच हे नाणं वेगळं ठरतं. १८९९पासून हिंदुस्थानात गिन्नी कायदेशीर चलन होती, भाव पंधरा रुपये. (रुपया म्हणजे एक शिलिंग चार पेन्स, वीस शिलिंगांना भागा, पंधरा येतात.) माल विकून आलेल्या गिन्न्या बोटींनी यायच्या आणि इथे आल्या की परत जायच्या नाहीत. निम्म्या आटणीत, निम्म्या गळ्यात. पहिलं महायुद्ध पेटल्यावर बोटीने सोनं हलवणं जिवावरचं झालं. त्यात इथे चांदीचा तुटवडा. लोक नोटा घेऊन रुपये मागायला रांगा लावत होते. सरकारने १९१७च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढली, मागोमाग अडीच रुपयांचीही. १९१८मध्ये अमेरिकेने खास कायदा करून आपली साठवलेली चांदी हिंदुस्थानसाठी विकली. सरकारकडे सोन्याच्या लगडी होत्या, पण लगड काही बाजारात चालत नाही. मग मुंबईच्या टांकसाळीलाच लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा करायचं ठरलं. लंडनहून ठसे येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून आधी त्याच वजनाची, त्याच कसाची पंधरा रुपयांची मोहोर पाडली. तिच्यावरचा राजा आपल्या रुपयावरच्यासारखा मुकुटधारी, आणि दुसऱ्या बाजूला फुलावेलींच्या वर्तुळात किंमत आणि १९१८ हे साल. अशा एकवीस लाखांच्या आसपास निघाल्या. ऑगस्ट १९१८मध्ये शाखा सुरू झाली आणि खऱ्या गिन्न्या पडू लागल्या. पुढच्या वर्षी शाखा बंदही झाली.

मुंबईच्या गिन्न्यांचा आकडा तेरा लाखांच्या आसपास. त्याच साली सिडनी, मेलबर्न, पर्थ यांनी प्रत्येकी तीस लाखांच्या वर पाडल्या. मुंबईचा आकडा तसा लहान नाही, ओटावासारखा तर नाहीच. पण जगभर ज्याला प्रत्येक टांकसाळीची एक-एक गिन्नी हवी असते त्याला मुंबईसाठी एकच साल आहे, दुसरा पर्याय नाही. आणि मुंबईच्या गिन्न्यांचं काय झालं हे तुमच्या आजीच्या डब्यावरूनच कळतं. कडी झाळली, हारात ओवल्या, लग्नात मोडल्या. स्वच्छ, कडीविना, न घासलेला नग समोर आला की आजही माझा हात जरा हळू होतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती तुम्हाला शंभर भामट्यांपासून वाचवेल. १९१८मध्ये लंडनने गिन्नी पाडलीच नाही. पंचम जॉर्जच्या लंडनच्या गिन्न्या १९११ ते १९१७, आणि मग एकदम १९२५. म्हणून १९१८ साल आहे आणि जमिनीवर अक्षरच नाही, असं नाणं असूच शकत नाही. असलं तर बनावट, किंवा घासून घासून अक्षर गेलेलं. तसंच पंचम जॉर्जच्या गिन्नीवर 'आय' आहे आणि साल १९१८ सोडून दुसरं, तर तीही खोटी. २०१३पासून हरियाणात शाही टांकसाळीच्या परवान्याने पुन्हा 'आय'च्या गिन्न्या पडू लागल्या. पण त्यांच्यावर एलिझाबेथ राणी होती, गोंधळायचं कारण नाही.

खोटी म्हणजे पितळेची असंच नाही. १९५०-६०च्या दशकांत बैरूत आणि इटलीत बनावट गिन्न्यांचे कारखानेच होते, आणि त्यातल्या कित्येकांत सोनं पुरेपूर असायचं. गिन्नीचा भाव तिच्यातल्या सोन्याहून बराच जास्त होता, तेवढ्या फरकावर धंदा चालायचा. आपल्याकडेही हारांसाठी सराफांनी गिन्नीच्या छापाचे नग घडवले. फसवायला नव्हे, गिऱ्हाइकाला तसा हार हवा म्हणून. पूर्वी व्हेनिसच्या डकॅट या सोन्याच्या नाण्यावरून पुतळ्या घडल्या, त्याच परंपरेतली ही गोष्ट. त्यामुळे सराफाच्या कॅरटमीटरने 'बावीस आहे' म्हटलं म्हणून गिन्नी खरी ठरत नाही. सोनं खरं आहे एवढंच ठरतं.

घरी करण्यासारखी परीक्षा सांगतो. खरी गिन्नी ७.९८८ ग्रॅमची, जुन्या हिशेबात सव्वाआठ मासे. झिजून ७.९४ पर्यंत आलेली चालते. त्याहून बरीच खाली गेली तर शंका घ्या. व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी दीड मिलिमीटरच्या किंचित वर. मग पाण्याची परीक्षा. सराफाच्या दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. गिन्नी बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा ०.४५ ग्रॅम दाखवेल. नाण्याचं वजन त्या आकड्याने भागा, १७.६च्या आसपास उत्तर येतं. बावीस कॅरट सोनं-तांब्याची घनता तेवढीच. कडीसकट केलंत तरी भागाकार साधारण तोच यायला हवा, कडीही चांगल्या सोन्याची असेल तर.

सोनं खरं ठरलं की भिंग, दहा पटीचं. पंचम जॉर्जच्या मानेच्या कापलेल्या कडेवर 'बी. एम.' ही अक्षरं, म्हणजे शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल. मागे सालाच्या उजवीकडे कोपऱ्यात 'बी. पी.', म्हणजे बेनेडेट्टो पिस्ट्रुची. हे घोडेस्वाराचं चित्र त्याने १८१७च्या पहिल्या आधुनिक गिन्नीसाठी केलं, आजही तेच चालतं. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरं पात्यासारखी उभी राहतात, ओतलेल्याची विरघळल्यासारखी दिसतात. बनावटीच्या सपाट भागावर बारीक पुटकुळ्या असतात. खऱ्यावर चरे असतील, खड्डे असतील, पण पुटकुळ्या सहसा नाहीत. आणि गिन्नी वरखाली न उलटता पुस्तकाच्या पानासारखी बाजूला उलटा. घोडेस्वार सरळच उभा दिसला पाहिजे.

कडीचं काय? काढू नका. सराफ म्हणेल पाच मिनिटांचं काम आहे. खरंच पाच मिनिटांचंच आहे, आणि तेवढ्यात काठावरचे दाते वितळतात, राजाच्या डोक्यावर डाग राहतो. कडी असलेलं नाणं निदान प्रामाणिक असतं, बघणाऱ्याला काय झालंय ते दिसतं. कडी काढून घासून बसवलेलं नाणं बघितलं की 'अजून काय लपवलंय' असाच पहिला विचार येतो. तुमच्या नशिबाने कडी वर आहे आणि 'आय' खाली, म्हणजे ओळख शाबूत आहे. संग्राहक कडीवाल्या गिन्नीला स्वच्छ नगाचा भाव देणार नाही, हेही खरं. पण मोडीत द्यावी असंही तिचं काही वाईट झालेलं नाही.

उजळवून आणू नका, हे तर हात जोडून सांगतो. एका बाईंनी मला मुंबईची बिनकडीची गिन्नी फोटोवर दाखवली होती, सुरेख, तांबूस झाक असलेली. चार दिवसांनी भेटायला येताना 'तुम्हाला नीट दिसावी' म्हणून पॉलिश करून घेऊन आल्या. भिंगाखाली राजाच्या गालावर एकाच दिशेचे हजार बारीक ओरखडे. मी काही बोललो नाही. बोलून काय होणार होतं? धूळ असेल तर कोमट पाण्यात बुडवून मऊ कापडावर टेकवून ठेवा. पुसूसुद्धा नका.

आता भाच्याचा प्रश्न. पाठवू नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या दोन्ही गिन्न्यांनी शंभरी ओलांडलीय. विमानतळावर 'आजीची आठवण आहे' म्हणून कोणी सोडत नाही. विकायचीच तर इथल्याच नाणेलिलावात.

सराफाला दिलीत तरी हिशेब तुमचा तुम्ही मांडून जा. पूर्ण वजनाच्या गिन्नीत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. त्या दिवसाचा चोवीस कॅरटचा भाव गुणिले तेवढं, हा तळ. त्यात 'जुनं सोनं आहे, घट धरावी लागेल' हे ऐकून घेऊ नका. घट दागिन्यात झाळाची धरतात, नाण्यात झाळ नसतो. कडीचं वजन वेगळं मोजायला सांगा. (आणि जाता जाता: हिला आपण गिन्नी म्हणतो खरं, पण अस्सल गिनी हे १६६३ ते १८१४ या काळातलं वेगळं नाणं, आठ ग्रॅमच्या वर, एकवीस शिलिंगांचं. हे वीस शिलिंगांचं नाणं, इंग्रजीत सॉव्हरिन. आपल्या आज्यांनी जुनं नाव नव्या नाण्याला चिकटवलं, आणि तेच टिकलं.)

तिघा भावंडांत दोन गिन्न्यांची वाटणी मला सांगता यायची नाही. पण १९०९ची विकून पैसे वाटता येतील, कुठल्याही दिवशी विकली तरी फारसा फरक पडणार नाही. १९१८चीची घाई करू नका. आधी एवढं करा: खोलीतले दिवे बंद करून एकच टॉर्च बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा, मोबाइल वरून सरळ, आणि फक्त सालाच्या वरची जागा जवळून टिपा. सावली पडली की ती उभी रेघ आपोआप उठून दिसेल. फोटो आला की 'आय' आहे की 'पी'चं पोट झिजलंय, ते सांगतो.